बिनलग्नाचं गडंगनेर

वैशाख लागला की माझ्या पोटात गोळा येतो. डॉक्टर म्हणतात पित्त आहे. खरं कारण सांगितलं तर ते हसतील. बाहेर लग्नसराई सुरू झालेली असते. सकाळी दहाच्या आतच ऊन अंगणात पाय ठेवू देत नाही, लिंबाला हिरव्या निंबोळ्या धरलेल्या असतात, लांबच्या कुठल्यातरी मांडवातला स्पीकर वाऱ्यावर ऐकू येतो आणि विरतो. मग कुणीतरी घामाघूम होऊन माझ्या दारात येतं आणि म्हणतं, "फादर, उद्या आमच्या पोराचं गडंगनेर हाय. तुमी आलंच पायजे."

शहरात ज्याला केळवण म्हणतात ते आमच्याकडं गडंगनेर. लग्न ठरलेल्या मुलाला किंवा मुलीला भावकीनं, शेजाऱ्यांनी आळीपाळीनं घरी बोलवायचं, पाटावर बसवून ओवाळायचं, गोडधोड खाऊ घालायचं आणि उठताना टॉवेल-टोपी नाहीतर साडी-चोळी हातात ठेवायची. सध्या मी तामलवाडीच्या बाजूला असतो. बोलावतील तिथं जातो, जेवतो, आशीर्वाद देतो. पण पाटावर बसलेल्या नवरदेवाच्या तोंडाकडं मला फार वेळ बघवत नाही. तो बहुतेक वेळा खुशीतच असतो, तरी मी बघत नाही. कारण त्या पाटावर मी बसलेलो आहे. एक अख्खा उन्हाळा बसलेलो आहे. माझं लग्न ठरलेलं नव्हतं. उलट कधीच लग्न न करण्यासाठी मी निघालो होतो, आणि तेवढ्यासाठीच गाव मला जेवू घालत होतं.

लोक मला विचारतात, फादर कसं व्हायचं असतं? विचारणाऱ्याला वाटतं, मी आता काहीतरी स्वप्न, दृष्टांत असं सांगणार. मी दाखल्यांपासून सुरुवात करतो. स्नानसंस्काराचा दाखला, दृढीकरणाचा दाखला, आईबापाच्या लग्नाचा दाखला, बारावीचा निकाल, डॉक्टरची तपासणी, आपल्या फादरांची शिफारस. आधी एक शिबिर असतं, तिथं चार दिवस राहून बघायचं. मग मुलाखत. मग लहान सेमिनरी, फादर घडवायची शाळा. तिथं इंग्रजी शिकायचं, वेळेवर उठायचं, गप्प बसायचं आणि भांडी घासायची. मग तत्त्वज्ञान, मग एखाद्या चर्चच्या धर्मग्रामात काम, मग ईशज्ञान, म्हणजे देवाधर्माचं शास्त्र. तेवढ्या काळात माणूस दोनदा इंजिनियर होईल. ऐकणारा मान डोलावतो, पण त्याचा चेहरा थोडा उतरतो. त्याला हे सगळं तहसील कचेरीसारखं वाटायला लागतं. खरी सुरुवात कुठं होते ते मी सांगत नाही. माझी तर लोकांच्या स्वयंपाकघरांत झाली.

आमचं गाव याच जिल्ह्यातल्या वाशीच्या पुढं, फाट्यावर उतरून आत चालत जायचं. गावात ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, सगळी एका अंगाला. पत्र्याचं एका खोलीचं देऊळ, वर क्रूस, आत निळ्या पदराची मरियामायची मूर्ती. फादर अधूनमधून रविवारी मोटरसायकलवर यायचे. एरवी देवळाची किल्ली आमच्या घरात खुंटीला असायची. बाकी आमचं सगळं गावासारखंच. होळीला पोळी आमच्याकडंही, आणि नाताळाच्या करंज्या लाटायला शेजारच्या बायका आमच्या घरात. आणि नवस तर सगळ्यांचेच. तुळजापूर ज्या जिल्ह्यात आहे तिथं नवस बोलायला कुणाला शिकवावं लागत नाही. कुणी केस बोलतं, कुणी परडी, कुणी पोराच्या भारंभार गूळ.

माझी माय फादर आले की मिस्साच्या उपासनेला जायची, जपमाळ करायची. पण प्राण कंठाशी आल्यावर तिच्या तोंडून निघालं ते गावच्या रीतीनं. मी तान्हा असताना छाती भरून निळा पडलो. डॉक्टरांनी मान हलवली. तेव्हा दवाखान्याच्या ओट्यावर बसून तिनं पदर पसरला आणि म्हणाली, "मरियामाय, हे जगलं तर तुझं."

मी जगलो.

मायनं शब्द पाळला, आणि फार लवकर पाळायला सुरुवात केली. धाकट्या सुवर्णीला ती धपाटे घालायची, मांडीवर घेऊन उवा मारायची, "माझी बाय गं ती" म्हणून मुके घ्यायची. मला तिनं हात लावला नाही, मारायला नाही आणि कुरवाळायलाही नाही. ताट वाढायची आणि मागं सरकून बसायची, नैवेद्य दाखवल्यासारखी. कुणी विचारलं, "हे थोरलं का तुझं?" तर म्हणायची, "हे मरियामायचं." लोक हसायचे, मीही हसायचो. पण शेजारून चार दिवसांसाठी मागून आणलेलं पातेलं जसं आपण जपून वापरतो, पोचा येऊ देत नाही, तसं माझं होतं. मला एकही पोचा नव्हता. सुवर्णी रडत मायच्या मांडीवर झोपी गेली की मला तिचा हेवा वाटायचा. आज हे लिहितानाही वाटतो.

बारावीच्या दिवाळीत मी शिबिराला गेलो ते काही नवस फेडायला नाही. तिथं व्हॉलीबॉलचं मैदान आहे आणि सकाळी अंडी मिळतात असं कळलं होतं. मैदान होतं, अंडीही होती. संध्याकाळी सगळी मुलं मिळून गायची, ते मात्र मला मनापासून आवडलं. आमचे फादर आंतोन मला न्यायला आले होते. मूळचे वसईकडचे, उंच, मिशाळ, पुस्तकात छापल्यासारखं मराठी बोलणारे. निघताना त्यांनी विचारलं, "शांतवन, इथे यायला आवडेल का तुला?"

मी म्हणालो, "आवडंल की."

खोटं नव्हतं ते. कुणी आंबा आवडतो का विचारलं तरी मी तसंच म्हणालो असतो. घरी पोचलो तर माय दारात उभी. फादरांनी तिला फोनवर आधीच सांगितलेलं होतं. तिनं मला काहीच विचारलं नाही. खुंटीवरची किल्ली काढली, एकटी देवळात गेली आणि बराच वेळ परत आली नाही. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीवर सगळ्या गावाला कळलं की शांतवन फादर होणार.

परीक्षा होईपर्यंत गाव दम खाऊन होतं. पेपर संपले आणि गोदाकाकू आमच्या दारात आली. गोदाकाकू आमची शेजारीण. थोडं रान, दोन म्हशी, खव्याची भट्टी आणि गावातल्या प्रत्येक गोष्टीवर एक मत. तिच्या डोक्यावर पदर आणि हातात खव्याचं उलथनं कायम. ती मायला म्हणाली, "पोरगं जूनमधी जानार. मंग त्याचं गडंगनेर कवा करायचं?"

"काकू, त्याचं काय लगीन हाय व्हय?"

"न्हाय म्हून तर म्हन्ते. दुसऱ्यांच्या पोरांस्नी लगीन बी हाय, गडंगनेर बी हाय. ह्या लेकराला एक न्हाय, तर दुसरं बी न्हाय का? देवाच्या घरी चाललंय, उपाशी धाडावं व्हय?"

माय हो म्हणाली. मी पुढं कितीतरी वर्षं ईशज्ञान शिकलो, तरी काकूच्या या बोलण्यात मला खोट काढता आलेली नाही.

पहिलं ताट गोदाकाकूच्या घरी. चुलीपुढची जमीन सारवलेली, पाटाभोवती रांगोळी, येसराची आमटी, खव्याच्या पोळ्या, वर तुपाची धार. जन्मापासून ती मला "ए शांत्या" म्हणायची. त्या दिवशी मी उंबऱ्यात आलो तर म्हणाली, "या, बसा." मी मागं वळून बघितलं, माझ्या मागं कोण आलंय ते. कुणी नव्हतं. तिनं मला ओवाळलं, कपाळाला गंध लावलं, टॉवेल-टोपी दिली आणि माझ्या पाया पडायला वाकली. मी उडी मारून उठलो तर पाट उलटा झाला. सगळे हसले. मी घरी आलो तेव्हा पोट गच्च भरलं होतं आणि मला रडू येत होतं. का ते कळत नव्हतं.

मग रांगच लागली. एका घरी झालं म्हणजे शेजारच्या घराला करणं भाग. दुपारी पुरणपोळी आणि गुळवणी, संध्याकाळी बुंदी. बाहेर झळा मारायच्या, विहिरी तळाला गेलेल्या, टँकरची वाट बघत घागरींच्या ओळी. आणि त्याच बायका आपल्या घागरीतलं पाणी मोजूनमापून वापरून माझ्यासाठी पुरण शिजवत होत्या. माझ्यासमोर ताट आलं की मला त्यातली घागर दिसायची. "फादर, आजून एक घ्या." मी अजून फादर नव्हतो. निकालसुद्धा लागलेला नव्हता. पण माझं "नको" कुणाला ऐकूच जायचं नाही. पाटावर बसलेल्याचं नको म्हणजे हो, ही तर जुनी रीत.

आमच्या भागात देवाच्या नावानं गोऱ्हा मोकळा करतात. मग तो कुणाच्याही रानात शिरतो, काहीही खातो, त्याला कुणी काठी मारत नाही. आणि त्याला कुणी घरीही नेत नाही. त्या उन्हाळ्यात असा एक गोऱ्हा आमच्या गावात होता, गलेलठ्ठ, सुस्त डोळ्यांचा. तो समोरून आला की मी रस्ता बदलायचो.

अशाच एका घरी पंगतीला बसलेले एक म्हातारबाबा चूळ भरता भरता बोलून गेले, "काय बी म्हना, गडंगनेर खाल्ल्यावर लगीन मोडत नसतंय." सगळे हसले. चेष्टाच होती ती. मी मात्र हातातला घास ताटात ठेवला. आमच्याकडं ते खरंच आहे. सुपारी फुटल्यावरही एखाद्या वेळेस लग्न मोडतं. पण भावकीच्या घरोघर जेवून बसलेला मुलगा मागं फिरला तर त्याच्या आईबापाला तोंड दाखवायला जागा उरत नाही. खाल्लेलं अन्न परत कसं करणार? त्या दुपारी देवळाच्या सावलीला आडवा पडून मी स्वतःला पहिल्यांदा विचारलं, तुला जायचंय का? हो म्हणावंसं वाटत नव्हतं. नाही म्हणावंसं वाटत होतं असंही नाही. मायनं दवाखान्याच्या ओट्यावर ठरवलं होतं, फादरांनी फोनवर ठरवलं होतं, गाव रोज ताटात वाढत होतं. यात मी काय ठरवायचं ते शिल्लकच नव्हतं.

तरीही मी कदाचित नाही म्हणालो असतो. पण मग वरच्या आळीतल्या पाटलांचं आमंत्रण आलं.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, गवंडी होते. पाटलांच्या घराच्या निम्म्या भिंती त्यांच्या हातच्या. काम चालू असताना त्यांचा चहा यायचा तो बाहेर, ओसरीच्या कडेला, आणि कपाचा कान तुटलेला असायचा. कुणी वाईट बोलत नसे. कप तेवढा वेगळा. कामं संपल्यावर दादा त्या घरात कधी गेले नव्हते, जायचं काही कारणही नव्हतं. त्या दिवशी माजघरात दोन पाट मांडले होते. एक माझा आणि शेजारचा दादांचा. पाटलीणबाई स्वतः वाढत होत्या. दादा बसले, टोपी काढली, परत घातली. मग त्यांनी डाव्या हातानं मागची भिंत, सरळ आहे का बघावं तशी, चाचपली आणि कुणालाच उद्देशून नाही असं हळूच म्हणाले, "हा कोपरा म्याच वळंब्यात घेतलावता."

ते सावकाश जेवले. एरवी ते भराभर जेवतात, कामावर परत जायचं असतं म्हणून. परतीच्या वाटेवर मग म्हणाले, "चांगलं होतं जेवान." त्यांच्या खांद्यावर पाटलांच्या घरचा नवा टॉवेल होता, आणि त्याची घडी मोडू नये म्हणून ते एक खांदा वर धरून चालत होते. मी त्यांच्या मागं चालत होतो. मला आता नाही म्हणता येणार नाही हे मला त्या वाटेवर नीट समजलं. मी मागं फिरलो तर दादांना पुन्हा बाहेर बसावं लागणार होतं.

माणूस कोंडला जातो तो नेहमी दार लावूनच असं नाही. मला कुणी दटावलं नाही, धाक घातला नाही. सगळे माझ्याशी इतके चांगले वागत होते की मला पळून जायला रागसुद्धा सापडत नव्हता. आज माझ्याकडं लोक पापाच्या कबुलीला येतात, तेव्हा छळाच्या गोष्टी सांगणाऱ्याला बोलता तरी येतं. माझ्यासारखा एखादा येतो, मायेनं घेरलेला. तो बाकावर बसतो, काही नाही फादर म्हणतो आणि उठून जातो. त्याला मी ओळखतो. त्याला थांबवून काय सांगावं ते मला अजून सुचलेलं नाही.

मे संपत आला. फादर आंतोन शिफारस द्यायच्या आधी घरी आले. मिस्सा झाली, माय चहाला पाणी ठेवत होती. फादरांची नजर पेटीवर रचलेल्या ढिगाकडं गेली. पांढरे टॉवेल, त्यावर पांढऱ्या टोप्या, पार आढ्याच्या दिशेनं चाललेल्या.

"हे काय? दुकान काढताय का?"

सुवर्णीनं सगळं सांगितलं. कुणाच्या घरी काय होतं, कुणी किती तूप वाढलं. फादर हसत सुटले. "अरे, हे चर्चच्या कुठल्याच पुस्तकात नाही!" डोळे पुसत त्यांनी मला विचारलं, "सगळ्यांकडे जेवलास?"

"सगळ्यांकडं."

माझ्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक. त्यांचं हसू थांबलं. चहा तसाच ठेवून ते मला मोटरसायकलवर बसवून फाट्यापर्यंत घेऊन गेले. तिथं चिंचेखाली गाडी लावली आणि विचारलं, "शांतवन, तुला जायचं आहे का?"

"हो."

"हजेरी दिल्यासारखं म्हणालास. पुन्हा विचारतो."

मी चिंचेच्या मुळांकडं बघत राहिलो. मग माझ्या तोंडून निघालं, "फादर, आता कसं न्हाय म्हनू? सगळ्यांचं खाल्लंय."

आणि मग नवसाचंही सांगितलं. त्यांना ते माहीतच नव्हतं. गावात शेंबड्या पोराला माहीत असलेली गोष्ट फादरांना कुणी सांगितली नव्हती. सांगायची असते असं कुणाला वाटलंच नव्हतं. रस्त्यावरून वऱ्हाडाचा टेम्पो वाजत गाजत गेला, धुरळा आमच्या अंगावर बसला. "या वर्षी मी तुला पाठवत नाही," ते म्हणाले.

सुटलो, असं वाटायला हवं होतं. मला पहिल्यांदा आठवला तो पाटलांच्या माजघरातला दुसरा पाट.

परत आलो तर माय चुलीपुढं भाकरी थापत होती. फादर उंबऱ्यावर बसले. पुस्तकी मराठीत, अगदी हळू, त्यांनी तिला सांगितलं की नवस ज्यानं बोलला त्यानंच फेडायचा असतो. आपलं असेल ते द्यावं; दुसऱ्या माणसाला नवसाला देता येत नाही, चर्चचा तसा नियमच आहे. तिनं उपास करावेत, जपमाळ करावी, देवळात दिवा लावावा. तेवढ्यानं ती मोकळी होते, तशी मोकळीक देता येते.

मायचा हात परातीत थांबला. "दुसरं मानूस?"

"हो बाई. तो वेगळा माणूस आहे. आता मोठा झाला आहे."

"नऊ म्हैने म्या वागवला." ती फादरांवर कधी आवाज चढवत नसे. तेव्हा चढवला. "निळा पडला तवा रातभर ह्या छातीला म्या धरला. आन् तुमी म्हन्ता दुसरा? माझा हाय त्यो. माझा न्हाय तर कुनाचा हाय मंग?"

मी दारात उभा होतो. हा शब्द ऐकण्यासाठी मी लहानपणापासून काय काय केलं होतं. मुद्दाम गुडघे फोडून घेतले होते, ताप आल्याचं सोंग केलं होतं. आणि ऐकायला मिळाला तो तेव्हा, जेव्हा मला देऊन टाकायचा हक्क ती भांडून मागत होती. मला हसावं की रडावं ते कळेना.

"तुमचा आहे ना?" फादर म्हणाले. "मग ठेवा वर्षभर."

माय एकदम लहान झाली. तिचा राग कुठं गेला कळलं नाही. अगदी बारीक आवाजात तिनं विचारलं, "आन् तिनं परत मागितलं तर?"

तेव्हा मला समजलं की इतकी वर्षं ती मला लांब ठेवत होती ती भक्तीनं नव्हे. भीतीनं. तिनं मला 'माझा' म्हटलं की मी पुन्हा निळा पडेन, अशी तिची खात्री होती. "बाई, मरियामाय आई आहे," फादर म्हणाले, "फौजदार नाही." मायला ते पटलं असेल असं मला वाटत नाही. तिनं जळायला आलेली भाकरी उलटली.

दादा बाहेर बाजेवर होते, सगळं ऐकत. मी त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिलो. मला पाटलांचं नाव घ्यायचं धाडस नव्हतं. त्यांनीच घेतलं. "पाटलाकडं परत वसरीवर बसलो तर काय मरतो का म्या? चहा त्योच आसतो." मग थोड्या वेळानं, "एकदा बसलो की आत. बास झालं." ते हे माझ्यासाठी म्हणाले की स्वतःसाठी, ते मी कधी विचारलं नाही.

गावानं चार दिवस कुजबुज केली. "मोडलं व्हय लगीन?" असं टाकीवर कुणी कुणी विचारलं. दादांना वरच्या आळीतून पुढं आमंत्रण आलं नाही, म्हणजे कुणी अपमान केला असंही नाही. फक्त आलं नाही. त्या पांढऱ्या टोप्या ते एकेक करून कामावर वापरत गेले, आणि सिमेंट लागून त्या करड्या होत गेल्या. गोदाकाकू आठवडाभर दिसली नाही. मग एका सकाळी कुंपणावरून हाक आली, "ए शांत्या, म्हशीला वैरन टाक की रं, हात मोकळे न्हायीत माझे." मी धावतच गेलो. वैरण टाकताना मी शीळ घालत होतो असं तीच नंतर सांगायची.

ते वर्ष मी दादांच्या हाताखाली माल कालवला. एकदा सिमेंटच्या हातानंच माठात तांब्या बुडवला आणि पाठीत सणसणीत धपाटा बसला. मी वळून बघितलं. माय आपल्याच हाताकडं बघत होती. मग तिनं देवळाच्या दिशेनं बघितलं, खूप वेळ. काही झालं नाही. माठ घासून तिनं नवं पाणी भरलं.

आणि किल्ली अजून आमच्याच खुंटीला होती. देवळाचा केर काढायला मी जायचो. केर काढून झाला की थोडा बसायचो. मला कुणी बघत नव्हतं, कुणी फादर म्हणत नव्हतं, समोर ताट नव्हतं. शिबिरातलं एखादं गाणं मनात यायचं. पत्रा तापून कडकडायचा. तिथून उठावंसं वाटायचं नाही. याहून जास्त काही घडलं असं मी सांगू शकत नाही. पुढच्या ईस्टरला मी फादर आंतोनना गाठलं आणि म्हणालो, "मला जावंसं वाटतंय. पन लई भ्या वाटतंय."

"कशाचं?"

"जमलं न्हाय तर परत यावं लागंल त्याचं. आन् जमलं तर परत येता येनार न्हाय त्याचं."

ते मिशीत हसले. "शिफारस देतो," म्हणाले.

लोकांना सांगताना मी म्हणतो की मी माझ्या मनानं गेलो. बहुतेक खरं आहे. पण लग्नसराई आली की शंका येते. ज्या मनानं मी ठरवलं ते त्या नवसात वाढलेलं, त्या पुरणावर पोसलेलं. गुराला मोकळं केलं तरी संध्याकाळी ते आपल्याच गोठ्याशी येऊन उभं राहतं, तसं तर झालं नसेल? वेदीपुढं उभा राहतो तेव्हा हा प्रश्न नसतो. कुणाच्या घरी पाटावर बसवलं आणि वाढणारी बाई म्हणाली, "फादर, आजून एक," की तो येतो. मी ती पोळी खातो. आता सवय झाली आहे.

दुसऱ्या जूनमध्ये मी निघालो तेव्हा गडंगनेर झालं नाही. एकदा झालेलं पुन्हा कसं करणार? गोदाकाकूनं पळसाच्या पानात खवा बांधून दिला. "वाटंला खा. हे आपलं असंच हाय," ती म्हणाली. दादांनी कामावर जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला, खरखरीत. माय फाट्यापर्यंत आली. पाऊस लांबला होता, वाऱ्यात नुसती माती. आम्ही दोघं चिंचेखाली उभे होतो. ती माझ्याकडं बघत नव्हती, रस्त्याकडं बघत होती.

एसटी आली. मी पिशवी आत टाकली, पायरीवर पाय ठेवला. तेवढ्यात तिनं माझं मनगट पकडलं.

"कवा येशील परत?"

देवाला वाहिलेलं परत कधी येणार, असं कुणी विचारत नाही. मी तिच्याकडं बघतच राहिलो. तिला धाप लागली होती आणि ती घाबरलेली दिसत होती, अगदी दवाखान्याच्या ओट्यावरची असेल तशी. पण या वेळी ती मरियामायला काही बोलत नव्हती, मला विचारत होती.

"नाताळात," मी म्हणालो. "सुट्टी दिली तर."

"दिली तर न्हाय. ये."

कंडक्टरनं घंटी मारली, म्हणाला, "मावशी, हात काढा, गाडी हालतीया." "काढते की," ती म्हणाली. गाडी हलली, ती बरोबर चालायला लागली, आणि तिनं हात काही काढला नाही.